वाघदऱ्याच्या पाच राशी

१२ मार्च १९६८, मंगळवार. वेल्हे

आज मीटिंगमध्ये पत्रक वाटलं. चार पानी, गुळगुळीत कागद, वर भाताच्या लोंबीचं चित्र. भात संशोधन केंद्राचं आहे. मथळा — ‘राब सोडा, भात वाढवा’.

बी.डी.ओ. साहेब म्हणाले, गावोगाव वाचून दाखवा, खाली सह्या-अंगठे घ्या, महिनाअखेर अहवाल द्या. झालं! केंद्राचं काम संपलं, समितीचं संपलं, ग्रामसेवकाचं संपलं. भात कसं येतं ते शेतकऱ्याने बघावं.

आमच्या भोंगवलीकडे ज्वारी, त्यामुळे राब मी इथे आल्यावरच पाहिला. होळीच्या आधीपासून माणसं रानात जाऊन ऐन-किंजळीच्या फांद्या तोडतात — त्याला टहाळ म्हणतात. तो टहाळ, शेणी, पालापाचोळा वाफ्यावर थर लावून पसरायचा, मे महिन्यात भाजायचा आणि त्या राखेत भाताचं बी टाकायचं. पत्रक म्हणतं, हा सगळा खटाटोप वाया. साधा वाफा करा, चिमूटभर खत द्या, भात उलट थोडं जास्तच येतं.

फॉरेस्टचे साहेबही येऊन बसले होते. त्यांना समितीचा एक ठराव हवा आहे. ‘राबाची गरज नाही’ एवढं आम्ही लिहून दिलं की टहाळाला रान बंद. दुसऱ्या तालुक्यांत गेल्या वर्षीच बंद झालं म्हणे. आपला ठराव डिसेंबरात.

पत्रक खरं असेल तर बायकांच्या डोक्यावरचे भारे सुटले. खोटं असेल तर वाघदऱ्यासारख्या डोंगरातल्या गावाने खायचं काय? सह्या मात्र मी घ्यायच्या!

खोलीवर येऊन पाच वेळा वाचलं. शेवटच्या पानाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ सापडली: ‘आकडे शेतकऱ्यांच्या खळ्यांवर घेतलेल्या मापांवरून.’ चला, निदान कोणीतरी खळं पाहिलेलं दिसतंय.

१५ मार्च

वाघदऱ्यात चावडीवर पत्रक वाचलं. चांगलं खणखणीत वाचलं. मग चिमाजी — गावातला वडीलधारा माणूस, रास मोजायचं मापही त्याच्याच हातात असतं — त्याने विचारलं, “ग्रामसेवक, ह्यो कागद कुठं पिकला?”

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले.

साळूबाई मागे भिंतीला टेकून उभी होती. विधवा बाई, एकटीची शेती, एकटीचा राब. ती म्हणाली, “हसू नगा. खरं आसंल तर मला पायजेल हाय. दोन म्हैनं डोईवर टहाळ व्हाती म्या. मान वळत न्हाई आता.” मग माझ्याकडे बघून, “पन तुमी सोता करून बघितलंय व्हय?”

नाही बघितलं. तसं म्हणालो. अंगठे न घेताच परत आलो.

१८ मार्च

बी.डी.ओ.: “चाचण्या घेणं केंद्राचं काम. आपलं काम प्रसार.”

मी: “साहेब, मी न चाखलेली भाजी वाढू कशी?”

ते: “वाढपी चाखत नसतो.”

उत्तर सुचलं तेव्हा मी खोलीवर पोचलो होतो. नेहमीचंच. पण गप्प बसणार नाही. पत्रकावर ज्यांचं नाव आहे त्या केंद्रातल्या गुर्जर साहेबांना कार्ड टाकलं — वाघदऱ्यात खरं-खोटं करून बघायचं आहे, रीत कळवा.

२ एप्रिल

गुर्जरांचं उत्तर आलं! मला वाटलं होतं कार्ड टोपलीत जाईल. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत लिहिलंय. पाच शेतकरी घ्या. प्रत्येकाच्या एकाच खाचरात एक गुंठा राबाच्या रोपांचा, एक गुंठा साध्या वाफ्यातल्या रोपांचा. बी तेच, लावणी त्याच दिवशी. आणि शेवटी — ‘दोन्हीकडचं धान्य ठराव होईपर्यंत वेगळं ठेवा, आकड्यांवर शंका आली तर धान्याला विचारता येतं.’ माणूस पटला मला.

बी.डी.ओं.ना कार्ड दाखवलं. “करा. पण डिसेंबरच्या ठरावाची तारीख हलणार नाही.”

१४ एप्रिल, रविवार. भोंगवली

जयंतीसाठी घरी. बुद्धवंदना, मिरवणूक, आईच्या हातच्या पुरणपोळ्या चार!

आबांना चाचणीचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्हंजी तुला खळ्यावर जावं लागनार.”

आबांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या खळ्यांच्या कडेला काढला. बलुत्याचा वाटा घ्यायला घोंगडी पसरून उभं राहायचं. आत पाऊल नाही. धान्य वरून टाकायचे, घोंगडीबाहेर पडलेले दाणेही वेचायचे. छप्पन्न साली दीक्षा घेतली, त्या वर्षापासून घोंगडी बंद. त्या वर्षी घरात काय शिजलं ते मला आठवतंय. फारसं काही शिजलं नाही.

निघताना म्हणाले, “सोपान, खळ्याच्या कडंला हुबा ऱ्हाऊ नगंस. आत हुबा ऱ्हा.”

२ मे

पाच जण तयार झाले. चिमाजी आणि साळूबाईही. चिमाजी का तयार झाला विचारलं, तर, “तुमी अंगठं मागितलं न्हाईत म्हनून.”

साध्या वाफ्याच्या जागेला गावाने नाव पाडलंय — सरकारी तुकडा. माझं खत, माझा तुकडा, नि हसं झालं तर तेही माझंच.

२३ जून

सरकारी वाफ्यात भाताआधी गवत उगवलं. राबाच्या वाफ्यात गवत नाही — भाजताना त्याचं बीच जळतं. पत्रकात गवताचा ग नाही. साळूबाई तीन दिवस खुरपत होती. म्हणाली, “डोईवरचं वजन कमरंवर आलं, भाऊसाहेब.”

तरी भाऊसाहेब म्हणाली. वाघदऱ्यात पहिल्यांदाच.

१९ जुलै

पाचही खाचरांत लावणी झाली. मीही उतरलो चिखलात. माझी ओळ बघून बायका आपापल्या ओळीत वाकून हसत होत्या. हसोत.

८ सप्टेंबर

दोन्ही तुकडे सारखेच हिरवे. चिमाजी म्हणतो राबाचं उजवं, मी म्हणतो सारखं. रोज भांडतो आम्ही. मजा येते.

९ नोव्हेंबर

कापणी, झोडणी चालू. समितीचा वजनकाटा एकच, तो भोरला दुरुस्तीला गेलाय. कधी येईल विचारलं तर, येईल. म्हणजे पायलीनेच मोजायचं. चिमाजीची पायली पितळेची, शिक्क्याची आहे. चालेल.

पाचही सरकारी तुकड्यांचं भात चिमाजीच्या खळ्यावर एकत्र झोडलं. कोणाला त्याचं वेगळं काही करायचं नाही — सरकारी ते सरकारी. आपापलं राबाचं भात मात्र जो तो आपल्याच खळ्यावर झोडणार, आपल्याच देवाला दाखवणार. त्यात मिसळ चालत नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायचं आहे, एकही गोष्ट गाळायची नाही.

सकाळी चिमाजीच्या खळ्याशी गेलो. सवयीने कडेलाच थांबलो — पाय आपोआप थांबले, मी थांबवले नाहीत. चिमाजीने रास ओढत ओढत वर बघितलं. “तितं का हुबं? चपला काढा नि आत या, भाऊसाहेब.”

भाऊसाहेब! आणि आत!

चपला काढल्या, आत गेलो. सारवलेली थंडगार जमीन पायाला लागली. आबांची घोंगडी डोळ्यांसमोर आली. मी राशीपाशी, हातात वही-पेन्सिल घेऊन, आणि मला कोणी हटवत नाही.

रास मोजायची इथली रीत अशी. बायका-माणसं गोल उभी राहतात. चिमाजी पहिली पायली भरतो आणि मोठ्याने म्हणतो, “लाभ!” त्या वेळी सगळे हात जोडतात. कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. मी हात जोडत नाही, पण माणसांनी मला आत घेतलं, त्यांचा मान राखायला पेन्सिल वहीवर आडवी ठेवली नि स्तब्ध उभा राहिलो. मग पुढचे आकडे चिमाजी तोंडातल्या तोंडात पुटपुटतो — राशीला ऐकू जाऊ नये म्हणून. आकडा ऐकू येत नाही, त्यामुळे पायली पोत्यात रिकामी झाली की मी एक उभी काठी मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी.

सरकारी तुकड्यांची एक रास आणि राबाच्या पाच राशी — सहा वेळा मोजणी, पाच खळी. दुपार टळली. पाचही खळ्यांवर मला आत घेतलं.

बेरीज केली. पुन्हा केली. राबाच्या पाच गुंठ्यांचं मिळून तीस पायल्या. सरकारी पाच गुंठ्यांचं बत्तीस!

पत्रक खरं! गुर्जर खरे! मीही खरा!

साळूबाईला सांगितलं. ती खाली बसली. “म्हंजी आता टहाळ न्हाई?” दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसती मानेवरून हात फिरवत राहिली.

चिमाजी मात्र म्हणाला, “माज्या नजरंला राबाचं जास्त दिसत व्हतं. पन तुमची वही सांगती तर आसंल.” त्याला वाईट वाटलं हे दिसलं. मला नाही वाटलं. आज मला कशाचंच वाईट वाटत नाही.

गुर्जरांच्या सांगण्याप्रमाणे सरकारी भात आणि प्रत्येकाचं राबाचं भात वेगवेगळ्या कणग्यांत ठेवून वर चिठ्ठ्या लावल्या.

१८ नोव्हेंबर

बी.डी.ओं.नी अहवाल वाचला, उठून उभे राहिले, हात मिळवला. “पत्रकं सगळेच वाटतात, सोपानराव. पुरावा तुम्ही आणलात.” वाढपी चाखत नसतो म्हणणारे हेच ते साहेब! ठरावाचा मसुदा आजच टाइप झाला. त्यात ‘वाघदरा येथील चाचणी’ हे शब्द आहेत. टायपिस्टकडून जादा प्रत मागून घेतली. घडी करून खिशात ठेवली, मग बाहेर काढली, पुन्हा वाचली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार. भोंगवली

सकाळी भोरला भोर-वेल्हे दोन्ही तालुक्यांच्या ग्रामसेवकांची बैठक. माझं भाषण! पंधरा मिनिटं म्हणाले होते, मी चाळीस बोललो. फळ्यावर दोन उभे पट्टे काढले, तीस नि बत्तीस. टाळ्या. भोरचे दोघे-तिघे म्हणाले, आता आम्हीही सह्या घेतो.

तिथून संध्याकाळच्या एस.टी.ने घरी. आबांना अंगणातच गाठलं. “आबा, आत हुबा ऱ्हायलो. पाच खळ्यांवर!”

आबांनी माझ्या पायांकडे बघितलं. मग सगळं विचारून घेतलं — खळं सारवलं होतं का, पायली कसली होती, माप कोणी धरलं होतं. मी सांगत सुटलो.

“चिमाजीची रास किती भरली?”

“सहा पायल्या.”

“लाभ धरून का सोडून?”

मी वही उघडली.

“लाभाची काठी मारलीस का न्हाई?”

मारली नाही. पेन्सिल आडवी ठेवली होती. मान राखायला.

आबा म्हणाले, “आरं, लाभ म्हंजी एक. नुसतं म्हनायचं नाव येगळं, भात तर पोत्यात पडतंच की. आमचा वाटा पायलीमागं मुठीनं असायचा. लाभ सोडला तर एक मूठ बुडायची. आमाला कोन हात जोडायला सांगनार? आमी कडंला हुबं राहून लाभापासनं बोटं धरायचो.”

२७ नोव्हेंबर

एस.टी.त बसून वही मांडीवर ठेवून जुळवलं. सोपं आहे. प्रत्येक राशीतली पहिली पायली मी सोडली. राबाच्या राशी पाच — पाच पायल्या बुडाल्या. तीस नव्हे, पस्तीस. सरकारी तुकड्यांची रास एकच — एकच पायली बुडाली. बत्तीस नव्हे, तेहतीस.

राबाचं जास्त. चिमाजीची नजर खरी. काल चाळीस मिनिटं बोललो ते खोटं.

हे फक्त मला आणि आबांना माहीत आहे. मसुदा टाइप झालेला आहे. साळूबाईने मान सोडवून घेतली आहे. गप्प बसलो तर कोणी विचारणार नाही, आणि पुढच्या वर्षी वाघदऱ्याला रान बंद होईल. माझ्या सहीने!

गप्प बसायचा विचार नसरापूरला गाडी बदलेपर्यंत टिकला. लिहून ठेवतो, कारण तेवढा वेळ तो होता.

३० नोव्हेंबर

काटा आला भोरहून. काट्यालाही वेळ साधता येते. खांद्यावर टाकून वाघदऱ्याला नेला. चावडीवर उभं राहून सांगितलं — मोजणीत चूक झाली, माझी झाली, अशी अशी झाली.

चिमाजीने ऐकून घेतलं आणि असा हसला की पागोटं सावरावं लागलं. “आवं, मग पेन्सल का ठेवली?”

“तुम्ही हात जोडले म्हणून.”

“आमी द्येवाला जोडतो. तुमी काय पेन्सलीला जोडलं?”

मी विचारलं, तुम्हाला तर आकडे माहीत होते, बोलला का नाहीत? तर, “रास मोजल्या दिशी आकडा बोलत न्हाईत. आन् पाची राशींची बेरीज म्या कशाला करू? ती तुमी केली. शिकल्याला मानूस चुकल आसं वाटलं न्हाई.”

कणग्या उघडल्या, सगळ्या भाताचं वजन केलं. राबाचं एकशे एक किलो. सरकारी पंचाण्णव. धान्याला विचारता येतं म्हणतात ते असं. सहा किलोंचा फरक. राब सोडून आभाळ कोसळणार नाही, पण पत्रक म्हणतं तसं जास्त तर नाहीच. शिवाय खुरपणी वेगळी.

साळूबाई येऊन कणगीपाशी उभी राहिली. तिच्याकडे बघवेना. तिला म्हणालो, “बाई, टहाळ सुटला नाही.” तर ती म्हणते, “थांबा. माझी रास किती?”

“एकवीस किलो. पाचांत दुसरी.”

“म्या निम्माच टहाळ टाकला व्हता. पाय मुरगळला व्हता, म्हनून. तुमाला बोलले न्हाई, तुमी रागावला आसता.”

अर्धा टहाळ आणि पाचांत दुसरी! माझी चाचणी बिघडवली बाईने, नि बिघडवून कामाची गोष्ट हातात दिली. एका बाईच्या एका गुंठ्यावरून नाचू नये हे आता मला कळतं. तरी परत येताना उतारावर थोडा पळालोच.

४ डिसेंबर

बी.डी.ओ. पेटले. “मसुदा वर गेलाय! आता लाभ आणि बिभ काय काढलंत? दोन-चार पायल्यांनी काय होतं?”

म्हणालो, दोन-चार पायल्यांवरच तर रान बंद होतंय.

“हसतील सगळे. तुम्हाला, मला, समितीला.”

“मला हसू द्या. माझ्या नावासकट लिहा. चिमाजींना मीटिंगला आणतो, ते करून दाखवतील.”

त्यांनी टेबलावरची तारीखवही ओढली. “वीस तारखेला आणा. फॉरेस्टच्या साहेबांसमोर फजिती झाली तर तुमची बदली कुठे करायची ते मी ठरवून ठेवलंय.”

२० डिसेंबर, शुक्रवार. वेल्हे

जिंकलो!

समितीचं सभागृह गच्च. सगळे ग्रामसेवक, सभापती, फॉरेस्टचे साहेब. चिमाजी धुतलेलं पागोटं घालून पितळेची पायली काखेत मारून आला. साळूबाईही आली, बसायला सांगितलं तरी उभीच राहिली.

मी फक्त एवढंच म्हणालो — हे एक पोतं भात. चिमाजी मोजतील. सगळ्यांनी कागदावर काठ्या मारायच्या. साहेबांनीसुद्धा.

चिमाजीने जमिनीवर रास घातली, बसला, पायली भरली. आणि तेच — “लाभ!”

अख्खं सभागृह स्तब्ध! सभापतींचे हात जोडलेले. ग्रामसेवकांच्या पेन्सिली खाली. बी.डी.ओं.नी तर पेनाला टोपण लावलं! सगळी खेड्यातलीच पोरं शेवटी, खळ्यावर वाढलेली. मग चिमाजी पुटपुटत मोजत गेला. रास संपली.

“किती?” मी विचारलं.

“अकरा!” सगळीकडून अकरा. चोवीस जणांनी अकरा लिहिले. बी.डी.ओ.ही अकरा.

चिमाजीने पायली पालथी घातली, पागोटं नीट केलं, आणि म्हणाला, “बारा हायेत.”

फॉरेस्टचे साहेब तेवढे बरोबर होते, बारा. ते शहरातले, त्यांना रीतच माहीत नाही. त्यांनी आपला कागद वर धरला आणि बावरून सगळ्यांकडे बघायला लागले. एवढा हशा मी समितीत कधी ऐकला नाही. बी.डी.ओ. रुमालाने डोळे पुसत होते. हसू ओसरलं तेव्हा मी पस्तीस नि तेहतीसची गोष्ट सांगितली, मग वजनं सांगितली. कोणाला काही समजवावं लागलं नाही.

ठराव एकमताने: राब बंद नाही. टहाळाला रान चालू. पुढच्या हंगामात दहा गावांत अर्ध्या टहाळाची चाचणी, काट्यावर वजन, आणि जिथे माप असेल तिथे लाभाची काठी आधी. फॉरेस्टच्या साहेबांनी स्वतः मान्य केलं — अर्धा टहाळ म्हणजे अर्धं रान वाचतं, त्यांनाही तेच हवंय.

साळूबाई जाताना म्हणाली, “निम्मा तर निम्मा. निम्मी मान तरी वळंल.”

बी.डी.ओं.नी बदलीचा विषय काढला नाही. चहा मागवला. चिमाजीला खुर्ची दिली, तो बसला, पायली मांडीवर.

रेडिओवर काहीतरी चांगलं लागलंय. आज मुगाची खिचडी, वर तूप. इतकं बरं वाटतंय की कोणाला तरी पत्र लिहावं. गुर्जरांनाच लिहितो — माझी चूक, लाभाची रीत, सभागृहातले अकरा, सगळं. पत्रकाच्या तळाच्या त्या मुंगीएवढ्या ओळीबद्दलही विचारतो: खळ्यांवरची मापं तेव्हा कोणी लिहून घेतली होती?

१७ जानेवारी १९६९, शुक्रवार

गुर्जरांचं कार्ड. ‘पत्रकामागच्या जुन्या वह्या बाहेर काढल्या. प्रत्येक राशीच्या सुरुवातीला आमच्या कारकुनाने सुवाच्य अक्षरांत “लाभ” असं लिहिलं आहे. त्यापुढे काठ्या. बेरीज फक्त काठ्यांची आहे. बिनराबाचं भात आमच्याकडेही एकाच राशीत होतं. गेली दोन वर्षं माझ्या सांगण्यावरून सहा तालुक्यांत राब बंद आहे. पत्रक आज मागे घेतलं. सहाही ठिकाणी मी स्वतः जाऊन सांगणार आहे. दुरुस्तीच्या पत्रकात ही चूक शोधणाऱ्याचं नाव छापायचं आहे, आपलं पूर्ण नाव व हुद्दा कळवावा.’

उलट टपाली आबांचं नाव कळवलं. रखमाजी, राहणार भोंगवली. हुद्द्याच्या जागी लिहिलं — खळ्याच्या कडेला उभे असत.